होळीच्या तोंडावर कोणता धागा घ्यावा : सुती-ॲक्रिलिक मिश्र गोळ्याची पारख

'होळी जळाली, थंडी पळाली' हे म्हणायला ठीक आहे. मराठवाड्यातली थंडी होळीपर्यंत टिकतच नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात आंबील पिताना खांद्यावर शाल लागते, संक्रांतीपर्यंत परभणीचा पारा बातम्यांत असतो, आणि रथसप्तमी उलटली की दुपारचं ऊन चटकायला लागतं. तिथून होळीपर्यंतचे पाच-सहा आठवडे मोठे तऱ्हेवाईक. सकाळी सहा-साडेसहाला शाळेच्या रिक्षात बसणाऱ्या पोराला स्वेटर हवा, आणि दुपारी तोच स्वेटर दप्तरात कोंबून घरी येतो. आजोबांना पहाटे कानटोपी लागते, दहा वाजता पंखा लागतो. तान्ह्या बाळाला तर काय घालावं, यावर घरात रोज दोन मतं असतात.

विणणाऱ्यांची अडचण याच दिवसांत होते. सुयांवर अर्धा स्वेटर अडकलेला असतो आणि हातात ॲक्रिलिकचा धागा घेतला की बोटं घामेजतात. मग काम पिशवीत जातं ते पुढच्या दिवाळीपर्यंत. या दिवसांसाठी मॅचिंग सेंटरवाले आणि ऑनलाइन विक्रेते हल्ली एक माल पुढे करतात: अर्धा सुती, अर्धा ॲक्रिलिक असा मिश्र धागा, बहुतेक १०० ग्रॅमच्या गोळ्यात. ही पारख त्याचीच. कंपन्यांची नावं इथे घेतलेली नाहीत, कारण एकाच कंपनीच्या दोन मालांत जेवढा फरक असतो तेवढा कित्येकदा दोन कंपन्यांत नसतो. लेबल वाचता आलं की नावावाचून अडत नाही.

निकाल आधीच सांगतो. बाळाचं झबलं, बिनबाह्यांचं जाकीट, कूलरसमोर पांघरायची हलकी शाल, यांसाठी हा धागा घ्यावा. मोठ्यांच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरसाठी घेऊ नये. शाळेच्या गणवेशाच्या स्वेटरसाठी तर मुळीच नाही.

आपल्याकडे सुयांवर विणता येईल अशा कुठल्याही धाग्याला 'लोकर' म्हणतात, आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू होतो. दुकानात 'बेबी वूल' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा निव्वळ ॲक्रिलिक असतं. मेंढीचा त्यात केसही नसतो. मेंढीची लोकर पाहायची तर धनगरांच्या घोंगडीला हात लावून पाहावा: राठ, टोचणारी, पण ओल धरूनही ऊब देणारी. 'मिल्क कॉटन' या नावाचाही असाच घोळ आहे. नाव गोड, पण आत कापूस किती आणि ॲक्रिलिक किती हे गोळ्यागणिक बदलतं. 'बांबू' लिहिलेला धागा म्हणजे बांबूच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस. तो थंड आणि सुळसुळीत असतो, पण ओला झाला की त्याची ताकद बरीच घटते. त्यामुळे पुढच्या बाजूचं मोठं नाव सोडून द्यावं आणि मागच्या बारीक अक्षरांत टक्केवारी शोधावी. टक्केवारीच नसेल तर तो गोळा उन्हाळ्यासाठी घ्यायचा नाही, इतकं सोपं.

टक्केवारीला एवढं महत्त्व का, तर घामामुळे. प्रमाणित हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतो, खरी लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास आणि ॲक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्के. म्हणजे ॲक्रिलिकच्या झबल्यात बाळाचा घाम कापडात न मुरता कातडीवरच राहतो. मानेवर, काखेत पुरळ उठतं ते बऱ्याचदा यामुळे. माघ-फाल्गुनातल्या कोरड्या हवेत ॲक्रिलिक अंगावरून काढताना चटचट ठिणग्या उडतात, त्याचंही कारण हेच: ओलावा नाही, म्हणून साठलेल्या विजेला वाट नाही. निम्मा कापूस मिसळला की दोन्ही त्रास बरेच कमी होतात. पूर्ण जात नाहीत.

मग शंभर टक्के सुती का नको? कापसाला ताण म्हणून नसतो. ओढला की ओढलेलाच राहतो. शिवाय तो जड. कापसाची घनता सुमारे १.५, ॲक्रिलिकची १.२ च्या आत. तेवढ्याच जाडीच्या सुती धाग्याचा स्वेटर जास्त वजनाचा होतो, आणि स्वतःच्या वजनानेच खाली लोंबतो. मिश्र धाग्यात ॲक्रिलिक थोडी उसळी देतं आणि वजन उतरवतं. हा मध्यममार्ग आहे, आणि मध्यममार्गाला दोन्हीकडच्या खोडी थोड्या थोड्या लागलेल्या असतातच.

लेबलावर विश्वास बसत नसेल तर घरी धागा जाळून पाहावा. वीतभर तुकडा चिमट्यात धरावा, खाली पाण्याची परात ठेवावी, मुलांना लांब बसवावं आणि टोकाला काडी लावावी. कापूस कागदासारखा भरभर जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि मागे मऊ करडी राख राहते. ॲक्रिलिक वितळत, काजळी सोडत जळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. तो मणी गरम असताना चिकटतो आणि चांगलंच भाजतं, म्हणून हात लावायचा नाही. खरी लोकर केस जळाल्यासारखी घाण मारते आणि ज्योत काढली की बहुधा आपोआप विझते. तिची गाठ बोटाने चुरडते. मिश्र धाग्यात कागदाचा वासही येतो आणि मणीही होतो. मणी झालाच नाही तर विक्रेत्याने तुम्हाला निव्वळ सुती दिलं, आणि नुसताच मणी झाला तर कापसाचे पैसे घेऊन ॲक्रिलिक दिलं. दुसरा प्रकार जास्त आढळतो.

आता मोजमाप. 'चार प्लाय' या शब्दावर जाडी ठरवायची नाही. कुणी त्याचा अर्थ चार पदर पिळलेला धागा असा घेतं, कुणी बारीक धाग्याची एक ठरावीक जाडी. चार पदरी धागा जाडही असू शकतो. खरी जाडी कळते ती १०० ग्रॅममध्ये किती मीटर यावरून. ४ मिलिमीटरच्या सुईवर विणायचा मध्यम जाडीचा धागा घेतला, तर ॲक्रिलिकच्या गोळ्यात २८० ते ३०० मीटर भरतात, मिश्र धाग्याच्या २४० ते २७०, आणि निव्वळ सुतीच्या २०० ते २२०. म्हणून भाव ग्रॅमवर न पाहता मीटरवर पाहावा. समजा, ॲक्रिलिकचा २९० मीटरचा गोळा १२० रुपयांना आणि मिश्र धाग्याचा २४० मीटरचा गोळा १६० रुपयांना आहे. दिसायला फरक ४० रुपयांचा, पण १०० मीटरला ॲक्रिलिक ४१ रुपये पडलं आणि मिश्र धागा ६७. लहान झबल्याला हे परवडतं. मोठ्यांच्या जाकिटाला ८०० ते ९०० मीटर लागले की खिशाला जाणवतं.

सुयांचे नंबर हा दुसरा सापळा. आपल्याकडच्या दुकानांत जुने इंग्रजी नंबर चालतात: नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३. अमेरिकी नंबर नेमके उलटे चालतात. तिकडचा ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर आणि ६ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, तर आपला ६ नंबर ५ मिलिमीटरचा! मोबाइलवर एखाद्या परदेशी बाईंचा व्हिडिओ पाहून '८ नंबर' घेतला आणि झबलं बाहुलीला बसेल एवढं झालं, तर दोष हाताचा नाही. नंबर विसरावा, मिलिमीटर बघावेत. भोकं असलेली सुईमापाची पट्टी स्वस्तात मिळते. ऑनलाइन आलेल्या सेटमधली प्रत्येक सुई एकदा तिच्यातून घालून पाहावी. स्वस्त सेटांत छापील आकडा आणि खरी जाडी यांत पाव मिलिमीटरचा फरक निघणं नवं नाही.

या धाग्याला ॲल्युमिनियमच्या किंवा स्टीलच्या सुया बऱ्या. कापूस बांबूच्या सुईवर अडतो, टाके पुढे सरकत नाहीत, मनगट दुखतं. ॲक्रिलिकला मात्र बांबू छान, कारण तिथे टाके सुळकन निसटण्याची भीती असते. सुईचं टोक फार टोकदार नको, कारण सुती पदर सैल पिळाचे असले की टोक मधोमध घुसतं आणि एका टाक्याचे दोन होतात. या धाग्याची सगळ्यात मोठी खोड हीच, पदर फुटण्याची. दुकानातच पाहून घ्यावं: धाग्याचं टोक पिळाच्या उलट दिशेने दोन-तीनदा फिरवावं. पदर लगेच झाडूसारखे फिस्कटले तर तो गोळा नवशिक्याच्या हाती द्यायचा नाही.

दोरीच्या गोल सुयांवर शाल विणायची असेल तर सुई आणि दोरी जुळते तो सांधा नखाने तपासावा. नख अडलं की धागाही अडणार, आणि प्रत्येक ओळीत अडणार. बांबूची सुई असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने सांधा घासता येतो. धातूच्या सुईचा सांधा वर आलेला असेल तर परत करणं हाच उपाय. दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळी करत असेल तर मिनिटभर गरम पाण्यात बुडवावी आणि ताणून सरळ धरावी.

लोक इथे चुकतात ते काठात. स्वेटरच्या खालच्या काठाला 'एक सुलट, एक उलट' घालतो ते काठाने अंगाला धरून राहावं म्हणून. लोकर आणि ॲक्रिलिकमध्ये ते धरतं, कारण धागा आखडतो. मिश्र धाग्यात चार धुण्यांत काठ फाकतो आणि झबलं घागऱ्यासारखं दिसायला लागतं. त्यावर तीन उपाय आहेत. पहिला, काठाला मधल्या अंगापेक्षा दोन नंबर बारीक सुई वापरायची सवय असते, इथे तीन नंबर बारीक घ्यावी. दुसरा, काठाचे सुलट टाके समोरून न विणता मागून विणावेत. टाक्याला पीळ बसतो आणि काठ घट्ट राहतो. तिसरा, काठाला दहा टक्के टाके कमी घालून वर पहिल्या ओळीत वाढवावेत. तिन्ही एकदम केले तर बाळाच्या पोटाला काचेल. एक किंवा फार तर दोन.

दुसरी तक्रार असते ती आडव्या पट्ट्यांची: सुलट बाजूला एक ओळ घट्ट, एक सैल असं दिसतं. बहुतेकांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सैल पडतो. लोकर फुगून हे झाकते, कापूस चव्हाट्यावर आणतो. उलट ओळीसाठी एक नंबर बारीक सुई धरली की पट्ट्या जातात. सगळ्याच ओळी सुलट विणायच्या असतील तर प्रश्नच उरत नाही, म्हणून नवख्यांनी शाल त्याच विणीत करावी. छिद्रांची वीण या धाग्यावर फार उठून दिसते. पण बाळाच्या कपड्यात मोठी छिद्रं नकोत, बोटं अडकतात.

गोळ्यात मधेच गाठ निघाली तर ती विणून पुढे जाऊ नये. सुती धाग्याची गाठ धुण्यात सुटते. गाठ कापावी, दोन्ही टोकं दहा-बारा सेंटिमीटर सोडावीत आणि नवीन धागा शक्यतो ओळीच्या कडेला जोडावा. टोकं शेवटी सुईने मागच्या बाजूला एकदा जाऊन परत फिरवावीत. एकाच दिशेने ओवलेलं टोक या धाग्यात हळूहळू बाहेर येतं. खऱ्या लोकरीची टोकं ओली करून तळहातावर चोळून एकजीव करतात, ती युक्ती इथे चालत नाही. लोकरीच्या तंतूंवर असतात तसले खवले कापसाला आणि ॲक्रिलिकला नसतातच.

नमुन्यादाखल एक काम पूर्ण मापाने देतो, म्हणजे एका गोळ्यात काय होतं ते कळेल. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाचं बिनबाह्यांचं झबलं, छातीचा तयार घेर ४८ सेंटिमीटर. आधी ८ नंबरच्या सुईवर ३० टाके घालून १५ सेंटिमीटरचा तुकडा विणावा, धुवावा, सपाट वाळवावा आणि मगच मोजावा. १० सेंटिमीटरात २२ टाके आणि ३० ओळी बसल्या पाहिजेत. २० बसले तर हात सैल आहे, ९ नंबर घ्या. न धुता मोजलेला तुकडा या धाग्यात फसवतो, कारण कापूस पहिल्या धुण्यात थोडा आटतो.

पाठीसाठी ११ नंबरवर ५४ टाके घालून एक सुलट, एक उलट अशा १० ओळी. मग ८ नंबरवर साध्या विणीत (एक ओळ सुलट, एक ओळ उलट) ३६ ओळी. इथपर्यंत उंची १५ सेंटिमीटर भरते. मुंढ्यासाठी, म्हणजे हात घालायच्या खाचेसाठी, पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला तीन-तीन टाके बंद करायचे, मग एक ओळ सोडून दोन्ही कडांना एकेक टाका तीनदा कमी. उरतात ४२. मुंढा सुरू झाल्यापासून ३० ओळी झाल्या की खांद्याचे ११, गळ्याचे २०, खांद्याचे ११ असे टाके बंद. पुढचा भाग तसाच, फक्त मुंढ्याच्या १८ ओळी झाल्यावर गळा सुरू: १६ टाके विणायचे, मधले १० बंद करायचे, पुन्हा १६. प्रत्येक बाजूला गळ्याकडून एक ओळ सोडून एकेक टाका पाच वेळा कमी केला की ११ उरतात. उजवा खांदा शिवून टाकायचा. डावा उघडा ठेवून तिथे दोन बटणं, कारण बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि या धाग्याचा गळा ताणून डोक्यावरून ओढला की तसाच ढगळ राहतो. गळ्याभोवती ४८ आणि प्रत्येक मुंढ्याभोवती ५० टाके उचलून ११ नंबरवर चार ओळींचा काठ घालायचा, आणि बंद करताना सुई ८ नंबरची. बंद करताना हात आवळला तर सगळी मेहनत गळ्याशी येते.

याला साधारण १४० मीटर धागा लागतो, म्हणजे ५५ ते ६० ग्रॅम. उरलेल्यात एक टोपरं होतं. टोपरं बारशाच्या फोटोपुरतं आणि पहाटे बाहेर नेण्यापुरतं ठीक, पण घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर ठेवू नये. बाळाच्या अंगातली उष्णता मोठ्या प्रमाणात डोक्यातूनच बाहेर पडते, आणि आपल्याकडच्या मार्चमध्ये ती अडवण्यात काही शहाणपण नाही. गळ्याशी रिबीन, नाडी, गोंडा नको. हातमोजे-पायमोजे विणले तर ते उलटे करून आतली सुटी टोकं तपासावीत. एखादा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते लवकर कळत नाही.

धुण्याचं बोलायचं तर कस इथे लागतो, आणि तो धाग्यापेक्षा आपल्या पाण्याचा जास्त. मराठवाड्यात कित्येक घरांत धुण्याला बोअरचं पाणी, आणि ते जड. वडीचा साबण जड पाण्यात फेस न धरता पांढरा साका सोडतो. तो सुती पदरांत बसतो आणि पाच-सहा धुण्यांत मऊ झबलं पोत्यासारखं ताठर होतं. मग लोक धाग्याला नावं ठेवतात. द्रवरूप डिटर्जंट थोडंसं वापरावं, शेवटचं पाणी शक्यतो नळाचं किंवा शुद्धीकरण यंत्राचं घ्यावं, आणि ताठरपणा आलाच असेल तर बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर घालून दहा मिनिटं बुडवून पुन्हा साध्या पाण्यातून काढावं. फॅब्रिक कंडिशनर नको. मऊ लागतं खरं, पण कापसाची घाम शोषायची ताकदच मारतं.

पिळू नये, पंच्यात गुंडाळून दाबावं. तारेवर लटकवू नये, ओल्या कापसाच्या वजनाने एका दिवसात बोटभर लांब होतं. सावलीत, बाजेवर कापड टाकून सपाट वाळवावं. आपल्या हवेत तीन-चार तासांत वाळतं. गडद लाल, निळा, काळा रंग पहिल्या दोन धुण्यांत जातो, म्हणून पांढऱ्याबरोबर दोन रंगांत विणायचं असेल तर गडद धाग्याचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या रुमालात रात्रभर दाबून ठेवावा. सकाळी रुमालच सांगतो. इस्त्री लावायचीच तर कमी तापमानावर, मधे ओलं सुती कापड ठेवून. गरम इस्त्री थेट टेकली की त्यातलं ॲक्रिलिक मरतं. वीण चपटी, चकचकीत आणि निर्जीव होते, आणि ती पुन्हा उठत नाही.

घासल्या जाणाऱ्या जागी, म्हणजे काखेत आणि पोटाशी, या धाग्यावर तंतूंच्या बारीक गोळ्या धरतात. ॲक्रिलिकइतक्या नाही, पण धरतात. आणि त्या सहज गळून पडत नाहीत, कारण ॲक्रिलिकचे चिवट तंतू त्यांना धरून ठेवतात. विणतानाच हात थोडा घट्ट ठेवला तर कमी होतात.

शाळेचा स्वेटर का नाही, तेही सांगतो. तो रोज दप्तरात कोंबला जातो, मैदानावर फेकला जातो, रविवारी मशीनमध्ये जातो आणि सोमवारी सकाळी वाळलेला हवा असतो. ते काम ॲक्रिलिकचं. शिवाय पोर वर्षात वाढतं, आणि ॲक्रिलिकचा स्वेटर उसवून पुन्हा विणता येतो. उसवलेला धागा शेवयांसारखा कुरळा येतो. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यातून काढून खाली हलकं वजन अडकवून लटकवावी, की बराच सरळ होतो. बाही आखूड झाली असेल तर काठ काढून टाके उचलावेत आणि उलट दिशेने खाली विणत जावं. जुन्या-नव्या रंगाचा फरक दिसतो, म्हणून मधे दुसऱ्या रंगाची पट्टी टाकली की ती मुद्दाम टाकल्यासारखी वाटते. मिश्र धागा उसवताना पदर फाटतात. एकदा उसवला तर चालतो, दुसऱ्यांदा नाही.

होळीनंतर जे कपडे पेटीत जाणार ते धुऊनच ठेवावेत. घामाचे, तेलाचे डाग असलेल्या खऱ्या लोकरीला कसर आधी लागते. ॲक्रिलिकला कसर खात नाही, पण मिश्र आणि सुती कपड्यांना पावसाळ्यात दमट वास धरतो आणि खळ, डाग असले की चंदेरी किडे येतात. वाळलेला कडुलिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवला तर बरं. डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत अजिबात नकोत. त्यातल्या नॅप्थलिनमुळे काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात, विशेषतः ज्यांच्यात जी-६-पी-डी हे विकर कमी असतं त्यांच्या, आणि ते कमी आहे हे बहुतेकांना आधी माहीत नसतं.

खरेदी कुठे आणि कधी, तर छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, विणकामाचा माल दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुढच्या फळीवर असतो. नंतर तो मागे जातो आणि सूट सुरू होते. सुटीतलं ॲक्रिलिक पुढच्या हिवाळ्यासाठी बेलाशक घ्यावं, ते वर्षभरात खराब होत नाही. मिश्र धागा मात्र सुटीत घेताना लेबलावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर, पाहावा. एकाच शेडचे पण दोन लॉटचे गोळे ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात आणि उन्हात पाठ एका रंगाची, पोट दुसऱ्या रंगाचं निघतं. दारात येऊन, उजेडात धरून पाहावं. त्याच लॉटचे पुरेसे गोळे नसतील तर दोन-दोन ओळी आलटून-पालटून दोन गोळ्यांतून विणता येतात, पण बारशाला चार दिवस उरले असताना तो खटाटोप कोणी करत नाही. ऑनलाइन मागवताना लॉट निवडता येत नाही, म्हणून लागेल त्यापेक्षा एक गोळा जास्त एकाच ऑर्डरमध्ये घ्यावा आणि न उघडलेला गोळा परत घेतात का ते आधीच वाचून ठेवावं.